उणे पाच

धोंडाबाई दहा दिवस आली नव्हती. अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, ती उगवली, पदर खोचला आणि मोरीत बसून कालपासूनची भांडी पुढे ओढली. पद्मजा ओट्यापाशी चहा गाळत होती. तुंगार्लीच्या त्या बंगल्यात ती एकटीच राहायची, त्यामुळे भांडी फार नसत, पण धोंडाबाई आज एकेक पातेले घासायला फार वेळ लावत होती.

"कुठे होतीस इतके दिवस?" पद्मजाने विचारले.

"मयतीला गेलते, ताई. माझी मामेबहीण गेली. सरुबाई. आंबेमाळला असती, पवनानगरच्या अलीकडं. काल दहावा झाला."

"आजारी होती का?"

"आजारी कुटली! धडधाकट बाई. बुधवारी कोंबड्या झाकून झोपली, बेस्तरवारी पहाटं उठलीच न्हाई. अन् कुशीतली नात बी तशीच. पिंकी. सात वर्साची पोर हो."

पद्मजाने चहाचा कप तिच्याजवळ ठेवला. धोंडाबाईने हात विसळले, पण कप उचलला नाही.

"सुनंनं काय तरी घातलं म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

"समदी वाडी. सोमवारीच दोघींचं वाजलं व्हतं. धरणाकडंला ते तंबूवाले न्हाईत का, त्यांच्याकडं भाकऱ्या थापायला जाते म्हणत व्हती सून. सरु म्हणली, न्हाई जायचं. झालं. अन् पोर कायम आजीच्या ताटात जेवायची. म्हंजी एकीसाठी घातलं अन् दोघी गेल्या, असं म्हणत्यात. दोघींना उलट्या झालत्या."

"स्वतःच्या मुलीच्या बाबतीत असं करील कुणी?"

"मी काय सांगू? पोलिसांनी तीनदा बोलावलं तिला. ती आपली एकच धरून बसली. घरात लसणाचा वास येत हुता म्हणं, मी मोबाईलवर इचारलं हुतं म्हणं. आता मढं पडलंय घरात अन् ही लसणाचं बोलती. नवऱ्यानं तो मोबाईल दगडावर आपटला, अन् तिला म्हायेरी धाडून दिलं, कान्ह्याला."

पद्मजाने गॅस बंद केला. शेगडीवर काहीच नव्हते, बटण आधीच बंद होते, तरी तिने ते पुन्हा फिरवून पाहिले.

"धोंडाबाई, त्यांच्या घरात तांदूळ कुठे ठेवतात?"

"आँ?"

"तांदूळ. गोण्या."

"मधल्या घराला लागून खोली हाय की. प्लास्टिकच्या कागदाखाली थप्पी लावलीय."

"आणि सरुबाई कुठे झोपायची?"

"मधल्या घरातच. खोलीच्या दाराशी. पडवी गळती ना पावसाची, म्हणून सून पडवीच्या कोरड्या अंगाला अन् ह्या दोघी आत. भिमाजी, सरुचा नवरा, तो गोठ्यात. का वो?"

"तांदळात किडे झाले होते का यंदा?"

"पोरकिडं? लय. गौरी-गणपतीला पाव्हणे यायचे म्हणून सरु जिवाला खात व्हती. भिमाजीनं कसल्या गोळ्या आणल्या व्हत्या म्हणं." धोंडाबाई थांबली. "काय झालं, ताई? बसा, बसा खाली."

पद्मजा बसली नाही. धान्याच्या त्या गोळ्यांना ओल लागली की त्यांतून वायू निघतो. तो वायू तिने एकतीस वर्षे कॉलेजात फळ्यावर लिहिला होता. फॉस्फरसचा एक अणू, हायड्रोजनचे तीन. हवेपेक्षा थोडा जड. दाराखालच्या फटीतून तो सहज बाहेर येतो आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाच्या नाकाशी पोचतो. आधी डोके दुखते, मग मळमळते, उलट्या होतात. पाहणाऱ्याला वाटते, खाण्यातून बाधा झाली. वास लसणासारखा येतो.

हे सगळे तिला आठवायला दोन क्षण लागले. तिसऱ्या क्षणी आणखी एक गोष्ट आठवली आणि ती आतल्या खोलीत जाऊन लॅपटॉपसमोर बसली.

निवृत्त झाल्यावर पद्मजाने, तळेगावच्या गंगाधररावांनी आणि तिच्या जुन्या विद्यार्थ्याने, विहंगने, मिळून 'विचारा की' नावाचे संकेतस्थळ सुरू केले होते. मावळातल्या कुणीही मोबाईलवरून प्रश्न टाकावा, जाणत्याने उत्तर द्यावे. भातावरचा करपा, सातबाऱ्यातले चुकलेले नाव, लहान मुलाचा ताप, दहावीचे गणित. चार वर्षांत अकरा हजार सभासद झाले. मग प्रश्नांचा नुसता लोंढा सुरू झाला. चिक्की कुठली भारी, भुशी धरणावर गर्दी कधी कमी, शनिवारी धुके असेल का. एकच प्रश्न चाळीस वेळा. उत्तरे देणारे डॉक्टर, मास्तर, कृषी अधिकारी कंटाळून एकेक करून गळायला लागले.

तेव्हा, म्हणजे गेल्या फेब्रुवारीत, गंगाधररावांच्या घरी बैठक झाली. उत्तरांना पसंती-नापसंती देता येतच होती. आता सभासदांना प्रश्नांनाही ती देता यावी का, एवढाच विषय होता. यावी, असे पद्मजाचे म्हणणे होते. चांगल्या प्रश्नाला वरचा बाण, मोघम प्रश्नाला खालचा. पाच उणे झाले की प्रश्न झाकला जाईल, म्हणजे यादीतही दिसणार नाही आणि शोधूनही सापडणार नाही. पंधरा दिवसांनी आपोआप पुसला जाईल.

विरोधात एकटी आसावरी होती. ती कामशेतला शाळेत मराठी शिकवायची. "ज्याला नीट विचारता येतं, त्याला अर्धं उत्तर माहीत असतं," ती म्हणाली. "आपण उरलेल्यांसाठी आहोत ना?"

"उरलेल्यांनी नीट विचारायला शिकावं, म्हणूनच हे," पद्मजा म्हणाली होती. गंगाधरराव मोठ्याने हसले होते.

विहंगने एक तांत्रिक शंका काढली. यादीत प्रश्नाचे फक्त शीर्षक दिसते, मजकूर वाचायला तो उघडावा लागतो. न उघडता बाण दाबू द्यायचा का?

"द्यायचा," पद्मजाने सांगितले. "शीर्षकात प्रश्न मांडता येत नसेल, तर तो प्रश्न अजून तयारच झालेला नसतो."

हे वाक्य तिला स्वतःलाही आवडले होते. नंतर ते नियमावलीत गेले.

नियंत्रक तिघेच होते आणि झाकलेले प्रश्न फक्त त्यांना दिसत. पद्मजाने तो कप्पा उघडला. वरच एक ओळ होती: 'झाकलेले : ४१. पुसलेले : ४१२.' एकेचाळिसांत तिसऱ्या क्रमांकावर तो होता.

'घरात लसनाचा वास येतोय कशाने'

विभाग, रसायन आणि विज्ञान. विचारणार, सारिका के. मंगळवार, संध्याकाळी सहा चाळीस. पद्मजाने प्रश्न पहिल्यांदाच उघडला.

'आमच्या घरात दोन दिवस झाले लसनाचा वास येतोय. लसून संपलाय. मामंजींनी तांदळात गोळ्या टाकल्यात त्याचा आसेल का. सासूबाईच डोक दुखतय मळमळतय. मुलगी पण जेवत नाही. त्या खोलीशेजारी झोपल तर चालत का. कुणाला माहीत आसेल तर लवकर सांगा.'

खाली एका सभासदाने लिहिले होते, 'कुणाकडे तरी चटणी वाटतायत. पत्ता द्या, भाकरी घेऊन येतो.' त्याला हसरे चेहरे मिळाले होते. त्याखाली, रात्री सव्वानऊला, सारिका के.चे उत्तर होते: 'नाही हो दादा चटणी नाही. खरच विचारते.'

बाजूला लाल आकडा होता. -५.

कोणी कुठला बाण दाबला हे नियंत्रकांना पाहता यायचे. पाच नावे होती. पाचवे तिचे स्वतःचे होते, बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळी ती दूध तापायची वाट पाहत ओट्यापाशी उभी असायची आणि यादी साफ करायची. स्वयंपाकाचा प्रश्न रसायनाच्या विभागात टाकलाय, असे म्हणून तिने बोट लावले असणार. नक्की आठवत नव्हते, आठवण्याजोगे काही घडलेच नव्हते.

मोरीतून धोंडाबाईने हाक मारली, "ताई, च्या घेतला मी. जाऊ का?"

"जा," पद्मजा म्हणाली.

दुपारी तिने विहंगला फोन केला. तो हिंजवडीला नोकरीला होता, रविवारी घरी असायचा. तिने सगळे सांगितले.

"मॅडम, पंधरा दिवस बुधवारी संध्याकाळी होतायत," तो म्हणाला. "मी पुसणं थांबवू शकतो. तुम्ही म्हणाल तसं."

"प्रश्न झाकला गेल्याचं तिला कळलं असेल?"

"नाही. विचारणाऱ्याला तो दिसतच राहतो. झाकलाय हे सांगितलं की लोक भांडायला येतात, म्हणून आपणच तसं ठेवलंय."

अर्ध्या तासाने गंगाधररावांचा फोन आला. विहंगने त्यांना कळवले होते.

"पद्मजाताई, वाईट झालं. पण जरा थंड डोक्याने बघू. पुढच्या महिन्यात तालुक्यातल्या बावीस शाळा आपल्याला जोडतायत. आता हे बाहेर आलं तर पेपरवाले काय मथळा देतील, सांगा मला."

"त्या मुलीवर खुनाचा संशय आहे."

"संशय आहे, गुन्हा नाही. व्हिसेराचा अहवाल येईल, त्यात निघेल काय ते."

"हा वायू अहवालात सापडेलच असं नाही, गंगाधरराव. शरीरात टिकत नाही तो."

"ते तुम्हाला माहीत, मला नाही. मी फक्त एवढंच म्हणतो, तो प्रश्न बुधवारी आपोआप जाणार आहे. तुम्ही काही पुसत नाही आहात. तुम्ही फक्त काही करत नाही आहात."

पद्मजाने फोन ठेवला. तिने गंगाधररावांना उलट उत्तर दिले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. रविवारी ती कुठेही गेली नाही. सोमवारीही नाही. सोमवारी तिने कपाट आवरले, पाण्याच्या टाकीचा कॉक बदलून घेतला आणि दोनदा विहंगला फोन लावून तो उचलायच्या आत तोडला. ती घाबरली होती. तिच्या आयुष्यात आजवर झालेल्या चुका वहीतल्या होत्या. त्या खोडता येत.

सोमवारी संध्याकाळी तिने प्रश्न पुन्हा उघडला. मजकूर तिला आता पाठ होता. पण त्या एका ओळीपाशी ती अडकली. 'खरच विचारते.' रात्री सव्वानऊ वाजता, सासू कण्हत असताना, पोर न जेवता झोपली असताना, ही बाई कुणा टवाळखोराला दादा म्हणून समजावत होती. पद्मजाने विहंगला पुसणे थांबवायला सांगितले आणि पानाची छापील प्रत काढली. पाच नावांसकट.

मंगळवारी सकाळी ती पोलीस चौकीत गेली. बाहेर पाऊस बारीक होता. हवालदाराने तिला खुर्ची दिली, कागद हातात घेतला आणि दोनदा वाचला.

"मॅडम, त्या बाईनं हे सांगितलं होतं आम्हाला. आम्ही शोधलं पण. सायबांनी स्वतः बसून शोधलं. तुमच्या साइटवर असा प्रश्नच नव्हता."

"होता. दिसत नव्हता."

"का दिसत नव्हता?"

"झाकला गेला होता."

"कुणी झाकला?"

"सभासदांनी. पाच जणांनी."

"कशासाठी पण? शिवीगाळ वगैरे काही दिसत नाही ह्यात."

पद्मजाने ओठ ओले केले. "त्यांना प्रश्न चांगला वाटला नाही."

हवालदाराने कागदावरून नजर उचलून तिच्याकडे पाहिले. मग खाली पाहून नावे वाचू लागला आणि शेवटच्या नावावर त्याचे बोट थांबले. मघाशी तिने स्वतःचे नाव सांगितले होते, ते समोरच्या वहीत लिहिलेले होते. त्याने नवा कागद ओढला आणि तिचा जबाब लिहायला घेतला. गोळ्या, ओल, वायू, वास. ती सांगत गेली. "आणि शेवटी लिहा," ती म्हणाली, "पाचवं मत माझं होतं. मी प्रश्न न वाचता दिलं."

"हे लिहायलाच पाहिजे असं काही नाही, मॅडम."

"लिहा."

कान्ह्याला सारिकाच्या भावाचे घर स्टेशनाच्या मागच्या अंगाला होते. भाऊ कामावर गेला होता. सारिका दारात बसून शेंगा निवडत होती. तिशीच्या आतली, काटक बाई, डोळ्यांखाली काळे. पद्मजाने आपण कोण ते सांगितले. सारिकाने चटकन उठून सतरंजी अंथरली, पाणी आणले. कोण आलेय हे तिला नीट कळले नव्हते.

"तुमचा प्रश्न सापडलाय," पद्मजा म्हणाली. "पोलिसांकडे दिलाय. तुम्ही खरं सांगत होता, हे आता कागदावर आहे."

सारिकाने छापील कागद घेतला. ती त्यावरून बोट फिरवत हळूहळू वाचत गेली. तिच्या चेहऱ्यावर सुटकेसारखे काही आले नाही.

"ह्योच," ती म्हणाली. "हितं पाच लिवलंय बघा. मी सासूबाईंना दाखिवलं व्हतं."

"काय दाखवलं होतं?"

"ह्यो आकडा. मंगळवारी राती तीन झालता. मंग चार. बुधवारी सकाळी बघितला तर पाच. मी म्हणलं, आत्याबाई, पाच जणांनी वाचलं, आता कुणी तरी सांगंलच. त्या म्हणल्या, दवाखान्यात जायला जीप करायची, त्यापरीस थांबू. शिकलेली माणसं हाईत, सांगतील." तिने आकड्याच्या डावीकडच्या छोट्या रेघेवर नख टेकवले. "ही रेघ कशाची?"

स्टेशनात गाडी शिरली, थांबली, निघून गेली.

"उण्याची," ती म्हणाली. "प्रश्न नको, असं म्हणायचं असलं की लोक ते दाबतात. पाच झाले की तो कुणालाच दिसत नाही."

"मंजी वाचत नव्हतं कुणी?"

"नाही."

"मी बुधवारी दिवसभर बघत व्हते. भाजी टाकली तरी बघत व्हते. आकडा फुडं सरकंना. म्हणलं, लिहीत असत्याल." सारिकाने कागद गुडघ्यावर ठेवून त्याची घडी घातली आणि पुन्हा उलगडली. "ह्या पाचांतलं कोण हाय, ठावं हाय तुमाला?"

"शेवटचं नाव माझं आहे."

सारिकाने ते नाव वाचले. मग तिने पद्मजाच्या चपलांकडे पाहिले, छत्रीकडे, तिने अर्धवट प्यालेल्या पाण्याच्या तांब्याकडे. पद्मजा शिवी ऐकायला तयार होती, किंवा हात उगारलेला पाहायला. त्यांतले काही झाले नाही.

"कागद मला नको," सारिका म्हणाली. "तुमी वाडीत या अन् हे बोला. तितं. समद्यांम्होरं. मला मेलेल्या पोरीची खुनी म्हणत्यात."

"चला," पद्मजा म्हणाली.

आंबेमाळात गाडी शिरली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. भिमाजी ओट्यावर बसला होता, डोके भादरलेले, अंगावर नवी टोपी-उपरणे. आज तेरावा होता आणि जेवणे उरकून माणसे अजून पांगली नव्हती. सारिका गाडीतून उतरताच बोलणी थांबली. बयाबाई नावाची शेजारीण पत्रावळी गोळा करत होती, ती तेवढी थांबली नाही.

"आली गं बाई. अन् संगं शहरातली वकिलीणबाई आणलीया वाटतं. गोड घास ऱ्हायला व्हता व्हय तुजा?"

"बयामावशी, त्या बोलणार हाईत, ते ऐका," सारिका म्हणाली आणि अंगणातच उभी राहिली. ओट्याची पायरी ती चढली नाही.

पद्मजा आयुष्यभर वर्गापुढे उभी राहून बोलली होती, पण इथे तिला आवाज शोधावा लागला. तिने गोळ्यांचे सांगितले. वायूचे सांगितले. लसणाच्या वासाचे सांगितले. सारिकाने मंगळवारी काय लिहिले होते ते वाचून दाखवले. मग म्हणाली, "तिनं वेळेवर विचारलं होतं. ज्यांना उत्तर माहीत होतं त्यांच्यापर्यंत ते विचारणं पोचू दिलं नाही. ज्यांनी पोचू दिलं नाही, त्यांतली एक मी. मला उत्तर माहीत होतं."

"मंग दिलं का न्हाई?" मागून कुणीतरी विचारले.

"वाचलंच नाही."

"अन् न वाचताच वाईट म्हणून ठिवलं?" बयाबाई म्हणाली. "आमी आपलं म्हणत व्हतो, आडाणी माणसंच आसं करत्यात."

कुणी हसले नाही. बयाबाईने पत्रावळी खाली ठेवल्या आणि सारिकाकडे न बघता पदराला हात पुसले. पद्मजाचे लक्ष भिमाजीकडे गेले. तो तिच्याकडे बघत नव्हता. गोण्यांच्या खोलीच्या दाराकडे बघत होता. दार सताड उघडे होते, आत झाडून काढलेली जमीन होती.

"भिमाजीभाऊ," पद्मजा म्हणाली, "गोळ्या किती टाकल्या होत्या?"

"डबा समदा," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की पुढच्या माणसांनी मागच्यांना सांगितले. "दुकानदार बोलला व्हता, ऱ्हात्या घरात नका ठिवू. मी म्हणलं, पावसाचं कुटं ठिवू? वर प्लास्टिक टाकलं डबल. म्हणलं, किडं मरत्याल." तो थांबला. "बेस्तरवारी पहाटं दार उघडलं तवा मला बी वास आला. प्लास्टिक काढलं, खोली धुतली, अन् मंग हाका मारल्या लोकांना."

"मामंजी," सारिका म्हणाली, "तुमाला तवाच कळलं व्हतं?"

भिमाजीने टोपी काढून हातात घेतली.

"तेरा दिस मला खुनी म्हणत व्हते. तुमी हितंच बसला व्हता."

"पोरी, म्या काय सांगनार व्हतो? माज्या हातानं झालं, असं?" तो म्हणाला. "लोकं तुला बोलाय लागली. मंग ऱ्हावून गेलं."

पद्मजाला आपले रविवार-सोमवार आठवले, बदललेला कॉक आठवला. तिला त्या माणसाचा राग आला नाही.

कैलास, सारिकाचा नवरा, देहूरोडला कामाला होता आणि जेवणे उरकताच परत गेला होता; कोणीतरी त्याला फोन लावला. तो उचलेना. दोन बाया सारिकाजवळ सरकल्या, एकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. सारिकाने तो हात काढला नाही आणि धरलाही नाही. ती मधल्या घरात गेली. बाहेर आली तेव्हा हातात पिंकीचे दप्तर होते. ते घेऊन ती सरळ गाडीत जाऊन बसली.

"ऱ्हाती का न्हाई ही?" बयाबाईने कुणालाच नाही असे विचारले.

गाडी परत कान्ह्याकडे निघाली. खाचरांत भात पोटरीला आले होते. कामशेत मागे पडले. कान्ह्याच्या फाटकाशी गाड्या थांबल्या होत्या. पद्मजाने इंजिन बंद केले.

दप्तर सारिकाच्या मांडीवर होते. ती त्याची चेन थोडी उघडायची, थोडी लावायची.

"बाई, एक इचारू?"

"विचारा."

"बुधवारी सकाळी कुणी सांगितलं असतं, की दारं उघडा, त्यांना भाईर आणा, हितं झोपू नका. तर?"

पद्मजासमोर विंडस्क्रीनवर पाणी साचत होते. या प्रश्नाला सावध उत्तरे पुष्कळ होती. खोलीचे आकारमान माहीत नाही. आधीच किती वायू शरीरात गेला होता, ते माहीत नाही. वय, प्रकृती, वारा. सांगता येत नाही, हे वाक्य तिने हजार वेळा लिहिले होते आणि दर वेळी ते खरे होते. पण बुधवारी सकाळी दोघी चालत्या-बोलत्या होत्या. बुधवारी संध्याकाळी सरुबाईने कोंबड्या झाकल्या होत्या. दोघींनी त्यानंतर आणखी एक अख्खी रात्र त्या दाराशी काढली होती, आणि मारले ते त्या रात्रीने.

आगगाडी धडधडत गेली. फाटक वर चढू लागले.

"वाचल्या असत्या," पद्मजा म्हणाली. "दोघीही."

सारिकाने मान हलवली. तिने दप्तराची चेन शेवटपर्यंत लावली. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, आणि पद्मजाला किल्ली सापडेना, ती समोरच लावलेली होती तरी.